आरशाची खोली आणि मळमळ

गल्लीत त्याला सगळे आरसा म्हणतात. टेबल-कपाटांना असं पॉलिश करतो, की वर वाकलं तर आपलंच तोंड दिसावं. स्वतःचं तोंड मात्र सकाळी मोरीवर धरून उभा असायचा. त्याचे उमासे भिंतीपलीकडे मला ऐकू यायचे.

मी दारूविरुद्ध भांडणारी बाई. मला कुणी शिकवलं नाही, माझं मी वाचलं. म्हणून त्याची बायको माझ्याकडेच आली.

"ताई, पिशवी भरून ठेवलीय. असंच चाललं तर पोरीला घेऊन भावाकडे जाते. हे म्हणतात, संध्याकाळी एकच पेला घेतो. एका पेल्यात कुणी एवढं ओकतं का?"

"पेला आहे की बादली?" मी म्हणाले.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. गल्लीतले बाकीचे बाटल्या रिचवतात आणि सकाळी शीळ घालत कामाला जातात. मग यालाच का? दिवसाही पीत असणार. भरदुपारी मी त्याच्या कामाच्या खोलीवर धाड घातली.

दार उघडताच भपकारा आला. बाटल्याही दिसल्या, पण पॉलिशच्या स्पिरिटच्या आणि थिनरच्या. खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की काम मातीत, म्हणून हे लोक वाराच आत येऊ देत नाहीत.

"घ्या वास," तो म्हणाला. "माझा कुठला नि खोलीचा कुठला, तुम्हीच सांगा."

मी स्टूल ओढून त्याला झापायला बसले. झापता झापता डोकं गरगरलं, तोंडात पाणी जमलं आणि उंबरठ्याबाहेर जाऊन मी भडभडून ओकले. जन्मात थेंब न घेतलेली मी! समोरचा सायकलवाला म्हणाला, "ताई, पहिल्यांदा जरा जपून घ्यायची असते."

त्याला नंतर बघते म्हटलं आणि आरशाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं खोदून विचारलं.

"दिवसभर त्या वाफा, वर उपाशीपोटी दारू, वर डोकं दुखतं म्हणून गोळी. दारूनं पोटाचं अस्तर चुरचुरतं, आम्ल वाढतं, अंगातलं पाणी लघवीवाटे जातं. पोटानं करावं तरी काय?"

"सकाळी उतारा म्हणून एक घोट घेतो की."

"तो बंद. घोट घोट पाणी प्या, मीठ-साखर घातलेलं. उलट्या थांबल्या की कोरडा टोस्ट, आणि पडून राहा. उलटीत रक्त दिसलं किंवा माणूस हाक मारून उठेना, तर कुशीवर वळवायचं आणि धावत इथे आणायचं."

घरी बायकोनं विचारलं, "म्हणजे दारूचा दोष नाही?"

"आहे," मी म्हणाले, "पण एकटीचा नाही."

कामाच्या खोलीतल्या खिडक्या उघडून ओल्या कापडाचे पडदे लावले. वारा येतो, धूळ बरीचशी अडते. आरसा कुरकुरला, "तरी ठिपके पडतील."

"घासून काढा," बायको म्हणाली. "हात आहेत ना?"

पेलाही सध्या सुटलाय. सकाळी मी भिंतीला कान लावते, तर पलीकडे नुसती भांड्यांची खडखड. परवा पोरीचे कपडे कपाटात परत गेले. बायकोचे अजून पिशवीतच आहेत.