शालनबाईंचा जबाब

आमच्या भोसरीच्या ऑफिसात मिनलइतकी सरळ मुलगी दुसरी नव्हती, आणि तिच्या सरळपणानेच घात केला. कुणी खाण विकत घेणार असेल तर आधी तिचे परवाने तपासायचे, कायदा कुठे मोडलाय, चिरीमिरी कुठे चालते ते शोधून जोखमीचा अहवाल द्यायचा, हे आमचं काम. मिनलचे वडील ज्ञानदेव कंपनीतून निलंबित झाले, तेव्हा त्यांच्या बाजूने साक्षीला एकही माणूस उभा राहिला नव्हता. म्हणून ती ऐकीव गोष्ट कधी लिहायची नाही. सांगणाऱ्याचं नाव आणि सही घ्यायचीच. आम्ही तिला तलाठीबाई म्हणून चिडवायचो.

चाकणच्या एका बिल्डरला चऱ्होलीजवळची दगडखाण घ्यायची होती. तिथल्या फाटकावर शालनबाई डंपरवाल्यांना वाहतुकीचे पास द्यायच्या. एका खेपेला एक पास आणि दर पासामागे सरकारला पैसे, असा नियम. पण मालकाच्या हुकमाने त्या एका पासावर चार खेपा सोडायच्या, आणि तपासायला येणारा सरकारी माणूस पाकीट घेऊन निघून जायचा. दोन दिवस आढेवेढे घेऊन त्यांनी हे मिनलला सांगितलं. राहायची खोली खाणीचीच, त्यामुळे सही करायला त्या घाबरत होत्या. कागद बाहेर जाणार नाही, असा शब्द मिनलने दिला, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

'जोखीम फार मोठी, व्यवहार करू नये,' असं तिने अहवालात लिहिलं. बिल्डर खूश झाला. अहवाल मालकापुढे टाकून त्याने भाव पाडला, खाण घेतली आणि त्याच सरकारी माणसाशी जमवून घेतलं. आता जुन्या चोरीला कुणीतरी चोर दाखवायला हवा होता. बिल्डरच्या सांगण्यावरून आमच्या साहेबांनी शालनबाईंच्या जबाबाचं पहिलं पान पोलिसांकडे पाठवलं. 'एका पासावर चार खेपा मी सोडत होते.' मालकाचं नाव दुसऱ्या पानावर होतं, ते कुणी दिलंच नाही.

खोलीला कुलूप लागलं. जामिनावर सुटल्यावर शालनबाई पिशवी घेऊन ऑफिसात आल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरी, म्या खरं बोलले व्हते का न्हाई?"

"हो," मिनल म्हणाली.

"मग कोर्टात येऊन तेवढं सांग. दुसरं काय नगं मला."

साहेबांनी मिनलला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की ग्राहकाविरुद्ध बोललीस तर नोकरी जाईल. तारखेच्या दिवशी ती ऑफिसात खाली मान घालून काम करत बसली. मला तिचा भयंकर राग आला. जबाबाची दोन्ही पानं मीच स्कॅन केली होती. मलाही कुणी साक्षीला बोलावू नये म्हणून त्यातलं दुसरं मी त्याच दुपारी कॉम्प्युटरमधून पुसून टाकलं.