क्लच ओळखणारी इत्तो

डोंगरातल्या आझरू गावच्या बाजारात धान्याच्या काट्यावर इत्तो एकदा हौसेनं चढली होती. काटेवाल्यानं आकडा सांगितलाच नाही. नुसतं म्हणाला, "उतरा बाई, गरिबाचा काटा आहे." त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसली ती इत्तोच. हसली की तिचं सगळं अंग हसायचं, आणि शेजारी बसलेल्या माणसालाही हलवून सोडायचं.

या वजनाचा उपयोग तिच्या नवऱ्यानं शोधून काढला. नवरा बासू मोटारसायकलींचा मिस्त्री. दुकान चढाच्या रस्त्याला, जिथून गाडी वर देवदारांच्या रानात जाते. जुनी मोठी गाडी कुणाला विकत घ्यायची असली की तो बासूला तपासायला बोलावणार, हे ठरलेलं. लांबच्या प्रवासाची जड गाडी सपाटीवर, एकट्या माणसाला घेऊन, लग्नातल्या नवरीसारखी शहाणी वागते. तिचा क्लच थकलाय की नाही ते कळायचं तर इंजिन चांगलं तापवून, मागं वजन घालून, चढाला लावावं लागतं. बासू आधी बार्लीची पोती बांधायचा. एकदा वळणावर पोतं सरकलं आणि बासू गाडीसकट कुणाच्या तरी कांद्यात गेला. त्या दिवशी इत्तो म्हणाली, "पोत्यापरीस मी काय वाईट? मी धरून तरी बसंन."

त्याला आता अकरा वर्षं झाली. पोत्याला पाठ नसते, इत्तोला होती, आणि त्या पाठीला हळूहळू सगळं कळायला लागलं. क्लच सोडताना गाडी थरथरली की तिला मांडीत कळायचं. क्लचचा लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी, शेजाऱ्याच्या शेताकडं ओढ घेणाऱ्या शेळीसारखी, पुढं सरकायला बघतेय हे तिला पायात कळायचं. आणि क्लच घसरतोय हे पाठीत. चांगल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर पिळला की मागं बसलेल्याला कुणीतरी पुढून छातीवर हात ठेवून मागं ढकलल्यासारखं होतं आणि पाठ ताणली जाते. क्लच गेलेला असला की नुसता आवाज वाढतो, ढकलणं येत नाही. "गाडी वरडतीया, पर वडत न्हाई," एवढं ती म्हणाली की बासू खाली उतरायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "क्लचच्या प्लेटा गेल्या." आजवर एकदाही ती चुकली नव्हती. चहाच्या टपरीवर लोक तिला बासूचं मशीन म्हणायचे. ती म्हणायची, "मशीनला तेल लागतंय, मला बदाम आणा."

तिचा धाकटा भाऊ हद्दू. हा परदेशी लोकांना डोंगरातून वाळवंटापर्यंत रस्ता दाखवायच्या कामाला लागला होता. आजवर जीपमध्ये बसून दाखवायचा. आता मोटारसायकलवाले सहा जण बेल्जियमहून येणार होते, येत्या शनिवारी, आणि कंपनीनं सांगितलं होतं की पुढं चालणाऱ्याची स्वतःची मोठी गाडी हवी. ती असली तर काम कायमचं. नसली तर दुसरा माणूस तयार होता. गाडी हद्दूनं हेरलीही होती. मेकनेस शहरातून आझरूत राहायला आलेल्या सी मक्कींची, म्हणजे मक्कीसाहेबांची, बाराशे सीसीची, राखाडी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. सोमवारी सकाळी बघायला जायचं ठरलं.

इथं हद्दूनं घोळ घातला. तो घाईघाईनं अर्धा तास आधीच तिथं पोहोचला.

आझरूत कुठलाही दलाल गुरं बघायला जाताना घरून खाऊन जातो आणि मालकाच्या दारात पाणीसुद्धा पीत नाही. ज्याच्या घरचं मीठ पोटात गेलं, त्याच्या मालाला त्या दिवशी नाव ठेवायचं नाही, ही रीत तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. हद्दूलाही ठाऊक होती. पण गाडी बघून त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. बासू आणि इत्तो पोहोचले तेव्हा हा अंगणात मांडी ठोकून बसलेला, समोर मसेमनच्या गरम घडीच्या पोळ्या, लोणी, मध, ऑलिव्ह, मिठाची वाटी, आणि तोंड भरलेलं.

"आरं, काय हे?" बासू त्याच्या कानाशी पुटपुटला.

"दाजी, काकूंनी पुढं ठिवलं. न्हाई कसं म्हनू?"

तेवढ्यात सी मक्की स्वतः किटली घेऊन आले. सत्तरीचे, औषधाचं दुकान मुलाकडं सोपवून निवृत्त झालेले, बोलणं मऊ. "बसा बासूभाऊ. तुमचे मेव्हणे लाजत होते, मीच आग्रह केला. घ्या, गरम आहे."

मेव्हण्यानं भाकरी मोडल्यावर थोरल्यानं हात आखडून बसायचं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं. बासू बसला. एक तुकडा मिठाच्या वाटीला लागला, तोंडात गेला, आणि त्याचीही जीभ बांधली गेली.

"तुम्ही, बाई?" सी मक्कींनी विचारलं.

"माझा रोजा हाय, सायेब. रमजानात आपरेशन झालतं, सुटल्याले भरून काढतीया."

खाणं झाल्यावर बासू गाडीकडं वळला. इंजिनावर तळहात ठेवला, थंड होतं. लिव्हर एका बोटानं ओढून सोडला, पुन्हा ओढला. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन सुरू केली, गिअर टाकला, लिव्हर दाबून मागचं चाक बघितलं. न्यूट्रल सहज सापडला. मग इंजिनातलं तेल मोजायची काडी काढून नाकाशी नेली.

इत्तो गाडी बघत नव्हती. ती नवऱ्याकडं बघत होती. सगळं बरं असलं की बासू तपासताना शीळ घालायचा. आत्ता त्यानं काडी पुसली, जागेवर ठेवली, आणि नंतर बराच वेळ फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला.

"कशी वाटली?" सी मक्कींनी विचारलं.

"रंग बेस हाय," बासू म्हणाला.

हद्दू तर आरशात स्वतःचं तोंड बघण्यात गुंग. "दाजी, मुबारक म्हनू का?" त्यानं विचारलं. एकदा 'मुबारक' म्हटलं की सौदा झाला. बासूनं आभाळाकडं बघितलं.

गाडीत काहीतरी खोट आहे, हे इत्तोनं ताडलं. न बोलावं तर भाऊ शनिवारी सहा अनोळखी माणसं मागं घेऊन घाटात मधोमध उभा राहणार, आणि काम तिथंच संपणार. बोलावं तर तिची जीभ मोकळी होती खरी, पण नवरा आणि भाऊ ज्याच्या ताटात जेवले त्याच्याच अंगणात उभं राहून, त्याच्या बायकोच्या देखत, त्याच्या गाडीला वाईट म्हणायचं? माणूस तर चांगला दिसत होता. लबाडाचा चेहरा तिनं बाजारात पुष्कळ बघितला होता, हा तो नव्हता.

"आरं थांब की," ती हद्दूला म्हणाली. "मी बसल्याबिगर कुटं गाडी ठरतीया व्हय?"

"मग चल आक्का, बस. मी चालवतो."

"तू नगंस. तुजा हात नवा. मालकाच्या हाताखाली कशी चालती ते बघू दे. सी मक्की, जरा रानापतुर न्याल का मला?"

सी मक्कींनी बासूकडं बघितलं. बासूला काय ते उमगलं. "न्या की," तो म्हणाला. "आमी पिकपनं मागं येतो. परक्या मानसामागं बसायचं तर मदी मेंढीचं कातडं घाला म्हंजी झालं."

सी मक्कींच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, "न्या, न्या. मला आठ वर्षं म्हणतात बस म्हणून. माझी हौस तुम्ही फेडा."

गाडीवर इत्तो चढली तशी मागची स्प्रिंग कुरकुरत खाली बसली. सी मक्की म्हणाले, "अल्लाह मोठा आहे," आणि क्लच सोडला.

गावातून, शाळेवरून, दोन फेऱ्या मारून गाडी चांगली तापली. तिथवर सगळं लोण्यासारखं. इत्तोला वाटलं, बासूचं नाकच चुकलं असेल. मग चढ लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. सरळ चढावर सी मक्कींनी पाचवा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पिळला.

आवाज वर गेला. देवदार मात्र पहिल्याइतक्याच वेगानं मागं जात राहिले. इत्तोची पाठ वाट बघत राहिली, पण छातीवर ढकलणारा हात काही आला नाही.

"सी मक्की," ती त्यांच्या कानाशी ओरडली, "आवाज म्होरं गेला वो. आपन मागंच ऱ्हायलो."

"काय म्हणालात?"

"आनि एकदा पिळा."

त्यांनी पुन्हा पिळला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा उजवीकडं पळाला आणि गाडी जागच्या जागी धापा टाकल्यासारखी करायला लागली. खालून करपलेला वास आला. सी मक्कींनी गाडी कडेला घेतली, उतरले, हेल्मेट काढलं आणि वाकून वास घेतला. चाळीस वर्षं बाटल्या हुंगून औषधं ओळखलेला माणूस तो.

"हे जळतंय," ते म्हणाले. "असं कधीच झालं नव्हतं. देवाशपथ."

"मागं कुनी बसलं हुतं का कदी?"

"कुणीच नाही. कुटुंबाला भीती वाटते."

"आनि चढ?"

"मेकनेसला चढ कुठला? मी समुद्रापर्यंत जायचो, सपाट रस्ता. इथं तर ट्रकवर घालून आणली." बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळत गेलं. त्यांनी पेटीवर हात ठेवला. "म्हणजे ही सहा महिने, वर्ष, कधीपासून अशी आहे, मला ठाऊकच नाही."

इत्तो दगडावर बसून राहिली. तिनं गाडीला एक शब्द वाईट म्हटला नव्हता.

मागून पिकप आली. सी मक्की ताठ उभे राहिले आणि हद्दूला म्हणाले, "बाळ, माझी गाडी नापास. क्लच घसरतोय. मी मालक, मी सांगतो."

हद्दूचा चेहरा उतरला. बासूचा मात्र असा खुलला, की जणू घट्ट बुटातून पाय निघाला. मालकानंच नाव ठेवल्यावर आता त्याला कुणी अडवणार नव्हतं, आणि तो सुटला. लिव्हर सोडता सोडता क्लच पार शेवटाला धरतोय, तेलाला करपट वास आहे, प्लेटा पातळ झाल्यात, स्प्रिंगा मोजाव्या लागतील, इंजिनात कुणीतरी कारचं गुळगुळीत ऑइल घातलं असणार. अंगणात गिळलेलं सगळं त्यानं तिथं रस्त्यावर ओकलं. रस्त्याकडेची माकडंसुद्धा ऐकत बसली.

"कारचं ऑइल मीच घातलं," सी मक्की म्हणाले. "महाग होतं, मला वाटलं चांगलं असेल."

"सायेब, तुमी खोकल्याच्या पेशंटला डोळ्याचं औषिद दिलं," बासू म्हणाला, आणि सी मक्की पोट धरून हसले.

"बाकी गाडी?" हद्दूनं भीत भीत विचारलं.

"बाकी गाडी लाखात एक हाय, येड्या. दोन दिसांचं काम. पर प्लेटा हव्यात."

"प्लेटा माझा मुलगा मेकनेसहून पाठवील, माझ्या खर्चानं," सी मक्की म्हणाले. "आणि तोवर बाळा, तू माझ्याकडं काही खाऊ नकोस."

मंगळवारी प्लेटा बसनं आल्या. बुधवार-गुरुवार बासू दुकानात पालथा. जुन्या प्लेटा त्यानं इत्तोला दाखवल्या, काळ्या निळ्या पडलेल्या. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर हद्दूनं गाडी चढाला लावली, मागं इत्तो. पहिलं वळण, दुसरं वळण. सरळ चढावर त्यानं पाचव्यात अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि इत्तो अशी मागं फेकली गेली की तिनं भावाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"काय आक्का? वडती का?"

हद्दूचा जीव टांगणीला. त्यानं वेग कमी केला, मान वळवून बघितलं. बहिणीच्या डोक्यावरचा रुमाल गळ्यात आला होता आणि ती तोंडभर हसत होती.

"आरं थांबतुयास कशाला?" ती म्हणाली. "अकरा वरसं निस्ती तपासायला बसतीया. आज वरपतुर ने की."