ट्रकची खांदमळणी

गुलाम रसूल उस्तादाचं नाव निघालं की वारलू आधी बिडी विझवायचा. "देवमाणूस," एवढं म्हणायचा, आणि 'कसं काय हो भाऊ' असं कोणी विचारायच्या आत सुरूही व्हायचा. गावानं ही गोष्ट इतकेदा ऐकली होती की पोरंसोरंसुद्धा मधले शब्द पुरवायची. पण वारलूला त्याचं काही नव्हतं. उपकाराची गोष्ट शिळी होत नाही, असं त्याचं म्हणणं.

वारलू नागभीडजवळच्या एका धानाच्या गावचा. इंग्रजांच्या लढाईत फौजेत भरती झाला तो खच्चरं हाकायला. खच्चरांच्या पाठीवर तोफगोळे, पीठ, रॉकेल लादायचं आणि चिखलातून, डोंगरातून पुढच्या शिपायांपर्यंत पोचवायचं. बंदुकीपेक्षा त्याच्या हाती लगामच जास्त राहिला. याला माणसापेक्षा जनावर लवकर समजते, असं त्याची बायको गुणाबाई म्हणायची, आणि ती काही कौतुकानं म्हणायची नाही.

मग पंचावन्न साल उजाडलं आणि खच्चरांचे दिवस भरले. नव्या मेजरसाहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, की यापुढची लढाई वेगाची. ज्याचा दारूगोळा आधी पोचेल त्याची सरशी. खच्चरं जातील, ट्रक येतील. पावसाळा संपेपर्यंत जो गाडी शिकेल तो राहील, बाकीच्यांनी खुशाल घरी जावं. खुशाल म्हणे! बोलणाऱ्याचं काय जातं? वारलूच्या घरी धानाच्या दोन बांध्या, त्यात दोन भावांचे संसार. बारा वर्षांनी हा तिसरा कोणाच्या ताटात बसणार होता? आणि त्याहून खरं सांगायचं तर, वर्दी उतरवायला त्याचं मन तयार नव्हतं. फौजेशिवाय आपण कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

गाडी शिकवायला आला हवालदार गुलाम रसूल. चांद्याचा. बापाचं टांगे दुरुस्त करायचं दुकान, याचा हात इंजिनात, आणि तोंड असं फटकळ की विचारू नका. पहिल्या दिवशी गाडी थांबवायची म्हणून वारलू स्टेअरिंग छातीशी ओढत "हो, हो" करत बसला, आणि गाडी सरळ लंगरच्या, म्हणजे स्वैपाकाच्या, तंबूत शिरली. बाकीचे पोट धरधरून हसले.

"अबे, हा लगाम होय का? पाय दाब, पाय," उस्ताद म्हणाला. "हिले कानच नाईत, तं तू कोणाले समजावून राह्यला?"

शिव्या दिल्या, पण सीटवरून उठवलं नाही. इतरांना एक फेरी मिळायची, तर वारलूला जेवणानंतर आणखी एक. काऊन म्हणून वारलूनं एकदा विचारलं. "आपल्या जिल्ह्याचा हायेस. तू घरी गेला तं नाक माह्यं कापलं जाईल," उस्ताद म्हणाला. त्या दिवशी वारलूला जेवण गोड लागलं. हिंदी बोलणाऱ्या फौजेत आपल्या बोलीत शिव्या देणारा माणूस भेटणं, हेही नशीबच.

श्रावणात गाड्या कामठीच्या छावणीतून नागभीडकडच्या जंगलात आल्या. ज्या चिखलातून खच्चर जातं, त्यातून ट्रक जातो का, हे साहेबांना पाहायचं होतं. शिकाऊंची परीक्षाही तिथंच. दिवस ठरला अमावस्येचा. साहेबांना काय ठाऊक, की त्या दिवशी पोळा!

वारलूला मात्र ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी नाल्यावर गावचे लोक बैल धूत होते, आणि ते बघून त्याचे हात शिवशिवायला लागले. एकही पोळा त्यानं जनावराशिवाय काढला नव्हता. घरी असताना बैलांची खांदमळणी, म्हणजे जुवानं थकलेले खांदे तूप-हळदीनं चोळायचे; फौजेत बैल नव्हते, तर खच्चरांच्या पाठी चोळल्या होत्या. आता समोर होता फक्त ट्रक. उस्तादानं शिकवल्याप्रमाणे त्यानं चाकं काढून आतला चिखल साफ केला, तेव्हा ब्रेकच्या पट्ट्या दिसल्या. कोरड्या, खरखरीत, जुवानं सोललेल्या खांद्यासारख्या. त्याला कसंतरीच झालं. लंगरातून वाटीभर तूप आणि हळद आणून त्यानं चारही चाकांच्या पट्ट्या मायेनं चोळल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं बैलाला म्हणतात तसं ट्रकला म्हणाला, चाकं बसवली आणि समाधानानं झोपला.

सकाळी निघाले. स्टेअरिंगवर वारलू, बाजूला उस्ताद, मागं दारूगोळ्याऐवजी वाळू भरलेली खोकी. तळापासून उतारापर्यंत चिखलानंच गाडीचा वेग धरून ठेवलेला, तिथं ब्रेक कोण लावतो? नाल्याचा उतार लागला, आणि खाली सजवलेले बैल घेऊन लोक वाट ओलांडताना दिसले. वारलूनं पाय दाबला. पुन्हा दाबला.

"उस्ताद, धरून नाई राह्यला."

गुलाम रसूलनं हात लांबवून गिअर खाली मारला, स्टेअरिंग आपल्याकडे ओढलं आणि गाडी बांबूच्या रांजीत, दाट बेटात, घातली. कडाकडा बांबू मोडले, खोकी आदळली, गाडी थांबली. खाली बैल सुखरूप पार झाले. उस्तादाचं कपाळ मात्र फुटलं.

तसाच उतरून त्यानं चाक उघडलं. आत पिवळं तूप, त्यावरून पट्ट्या नुसत्या घसरत होत्या. वारलूनं सगळं सांगितलं. उस्ताद ऐकत राहिला, आणि या वेळी एकही शिवी आली नाही. वारलूला त्याचीच जास्त भीती वाटली. तेवढ्यात साहेबांची जीप आली. संपलं आपलं, म्हणून त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

उस्तादानं सलाम ठोकला. "साब, ग्रीस कहाँ देना, ये मैंने सिखाया. कहाँ नहीं देना, ये सिखाना रह गया. गलती उस्ताद की है."

साहेबांनी वाकून ते तूप हुंगून पाहिलं. मग वारलूकडे बोट करून म्हणाले, "इसके साथ फिर बैठोगे?"

उस्तादानं वारलूकडून पट्ट्या पेट्रोलनं धुवून घेतल्या, पुसून कोरड्या करवल्या, गाडी मागं घेऊन पुन्हा उताराच्या माथ्यावर लावली. मग वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं. "चाल, वारलू."

वारलूला समोरची वाट नीट दिसेना, इतके डोळे भरून आले होते. बाहीनं पुसले आणि गाडी उतारावर घातली. नाल्याच्या काठाशी पाय दाबला. गाडी थांबली.

त्यानं बाजूला पाहिलं. उस्तादानं दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती आणि डोळे मिटून घेतले होते. गाडी थांबल्यावरच ते उघडले. माणूस पुरता घाबरलेला होता, आणि तरी बसला होता.