पुढचे दोन बोल्ट

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. आमच्या घरी ती वेगळ्याच तऱ्हेने सांगितली जाते, आणि तशी सांगणारा मीच आहे. आता खरी काय ती लिहून ठेवतो.

पिंपरीला मोटारींच्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासनीस होतो. बायको गेल्यावर मुलीने मला इकडे आयर्लंडमध्ये, नावनला आणलं. जावई हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. त्याने हौसेने एक जुनी एसयूव्ही घेतली. ॲथलोनच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या रानात लोक चिखलातून, दगडांवरून गाड्या चालवायला जातात, तिथे त्याला जायचं होतं. दगड लागून इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटू नये म्हणून त्याने एक पोलादी प्लेट मागवली आणि मला म्हणाला, "बाबा, आपण दोघं मिळून बसवू. मला शिकवा."

शिकवायचं सोडून मी त्याला सोलून काढलं.

"जावईबापू, पाना उलटा धरलाय. पेशंटचे पायही असेच बसवता का?"

तो हसला. मला ते हसणंही आवडलं नाही.

"द्या इकडे. इथे भूल देऊन भागत नाही. तुम्ही चहा करा, तेवढं जमेल."

सहापैकी चार बोल्ट मी आवळले. पुढचे दोन नुसते हाताने फिरवून बसवले होते. ड्राइव्हवेवर उताणं पडून, हात डोक्यामागे नेऊन पाना ओढायचा होता. तिथे माझा उजवा खांदा गेला. हातात जोरच येईना. पाना छातीवर ठेवून मी गाडीखाली पडून राहिलो. तेवढ्यात तो चहा घेऊन आला.

"झालं, बाबा?"

कारखान्यात आवळलेल्या बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची पद्धत होती. रेघ दिसली की पुढचा माणूस त्याला हात लावत नाही. न आवळताच रेघ ओढणाऱ्या एकाला मी सगळ्यांसमोर लाइनवरून हाकललं होतं. त्या दिवशी मी त्या दोन बोल्टवर रेघा ओढल्या आणि म्हणालो, "झालं."

"एकदा टॉर्क रेंच लावून किती आवळलेत ते बघू का? व्हिडिओत तो म्हणत होता की…"

"मी आवळलेलं तुम्ही तपासणार?"

त्याने रेंच पेटीत ठेवला.

रविवारी निघालो. मुलगी पुढे, मी आणि आठ वर्षांची नात मागे. मला सगळं माहीत होतं, तरी नातीला मी त्या गाडीत बसू दिलं. एका दिवसात काय होतंय, असं मनाला सांगितलं.

तिसऱ्या चढाला खालून खरवडल्याचा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. नातीचा ओठ दातात येऊन फाटला. प्लेटचं पुढचं टोक निसटून जमिनीत रुतलं होतं, आणि दुमडलेल्या प्लेटनेच चेंबर फोडलं होतं. काळं तेल चिखलात वाहत होतं.

शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. वाकून बघितलं, काचेवरचं हॉस्पिटलचं स्टिकर बघितलं आणि त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "हा तुमचा डॉक्टर टाके तरी शेवटपर्यंत घालतो ना?" मागच्या गाड्यांमधले लोक खिदळले.

मुलगी नातीच्या ओठाला रुमाल लावत ओरडली, "नीट आवळलं नव्हतं का कुणी?"

मी लगेच म्हणालो, "पुढचे बोल्ट तुमच्याकडे होते ना, जावईबापू?"

तो चिखलात गुडघे टेकून खाली बघत होता. एक बोल्ट गळून गेला होता. दुसरा अर्धा निघून लोंबत होता, पिवळ्या रेघेसकट. त्याने तो बोटांनीच फिरवून काढला, माझ्याकडे बघितलं, आणि अंगठ्याने रेघेवर चिखल फासला.

"हो बाबा," तो म्हणाला. "माझंच राहिलं. सॉरी."

"असू दे," मी म्हणालो. "ज्याचं काम त्यानेच करावं."

पुढे दर दिवाळीला पाहुण्यांसमोर मी हा किस्सा रंगवला. "आमचे जावई हाडं जोडतात हो, बोल्ट मात्र देवाच्या भरवशावर!" लोक हसत, तोही हसत चकल्यांचं ताट फिरवी. गाडी त्याने विकली, हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. एकदा नातीच्या सायकलची चेन उतरली. तो अंगणात बसून ती चढवत होता, तर तिने सायकल ओढून घेतली. "नो, डॅडी. आजोबा सेज यू जस्ट ब्रेक थिंग्ज." माझेच शब्द, तिच्या आयरिश सुरात. मी काय केलं? त्याच्यादेखत चेन चढवून दिली.

गेल्या आठवड्यात खांदा सहन होईना, तेव्हा त्यानेच मला हॉस्पिटलात नेऊन एक्स-रे काढला. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "हे आत्ताचं नाही, बाबा. किती वर्षं झाली हात वर जात नाही त्याला?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. उत्तर त्याला माहीत होतं. तरी ते माझ्या तोंडून ऐकायला तो थांबला.

"हल्लीच," मी म्हणालो. "इथली थंडी."

इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ठीक आहे," म्हणून त्याने स्क्रीन बंद केली आणि मला कोट घालायला लागला. दुखरा हात बाहीत सरकवताना त्याचा कान माझ्या तोंडाशी होता. एवढंच म्हणायचं होतं: तुमचं काहीही राहिलं नव्हतं, ते दोन बोल्ट माझे होते, मला माफ करा.