बाबांच्या कॅमेऱ्यातली डिस्क

बाबांच्या कॅमेऱ्यातली छोटी डिस्क कॉम्प्युटर पुन्हा बाहेर ढकलतो. मी ती जुन्या बनियनने पुसून आत घालते. थोडी घरघर होते आणि ट्रे परत पुढे येतो. त्या डिस्कवर धडधाकट आई माझ्या हळदीत उखाणा घेतेय.

“डिस्क चांगली आहे हो ताई,” दुकानदार म्हणाला होता, “पण शूटिंगनंतर ती कॅमेऱ्यातच फायनल करायची राहिलीय. आता फक्त तोच कॅमेरा ती वाचेल.”

कॅमेरा कधीच भंगारात गेला. बाबाही गेले.

लकव्यानंतर आईचं बोलणंही फक्त बाबांनाच कळायचं. आत्ता ती पलंगावरून काहीतरी सांगतेय. मी पाणी देते, पंखा लावते, उशी सरकवते. ती नाही-नाही अशी मान हलवते. शेवटी तीच माझा हात थोपटते, राहू दे म्हणून.