घोडा उतरव, टोपी काढ

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली बॉबिन म्हणायची. बुटका, गोल आणि सदा गरागरा फिरणारा. नाव चुकलं असं म्हणायची कुणाची टाप नाही. वडील गेल्यावर याच्या वाट्याला काय यावं? बंदूक! थोरल्या बहिणीला घर आणि याला बंदूक.

बंदूक तरी कसली, टॉवेलांची दांडी ती. ताईच्या खोलीत भिंतीवर टांगलेली. दोनांतला एक खिळा कधीच निसटलेला, त्यामुळे तिरकी झालेली, तोंड खाली ताईच्या उशीकडे. ओले टॉवेल तिच्या चापाला अडकवायचे ही घराची जुनी रीत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ताईला मात्र वडिलांचं नाव काढलेलं खपत नव्हतं. "लग्न केलं नाही, जन्मभर यांचं केलं," ती तणतणायची. "आणि जाताना तोंडात माझं नाव नाही की काही नाही. घोडा घोडा करत गेले! मी मेले काय, जगले काय, त्यांना घोड्याची पडलेली!"

आता ते खोटं नव्हतं. झटका आल्यावर वडिलांची जीभ लुळी पडली, शब्द उरले मोजके. डोळे ताईच्या खोलीकडे लावून म्हणायचे, "घोडा... उतरव. टोपी... काढ." यातून माणसानं काय समजायचं, सांगा! आधी घरातल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या. डॉक्टर आले तर त्यांचीही उन्हाची टोपी बॉबिननं दारातच काढून घेतली. तरी वडिलांचं आपलं तेच. मग बॉबिन बागेत पोरांना फिरवणाऱ्याकडून खराखुरा घोडा घेऊन आला. तो आत घातला, स्वतः त्यावर चढला आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत उतरला. दिसलं नसेल म्हणून पुन्हा चढून उतरला. घोड्यानं तेवढ्यात खिडकीचा पडदा खाल्ला. वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हात उचलत नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

तर अशी ती बंदूक. बॉबिननं ठरवलं, वडिलांची आठवण आहे, लखलखीत करायची. मशीनचं तेल आणि चिंधी घेऊन बसला. नळी चोंदलेली वाटली, म्हणून तिला तोंड लावून जीव खाऊन फुंकलं. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे जोर लाव की! एवढं खातोस ते जातं कुठे?" चापाच्या वरचा एक वाकडा खटका हलेना, त्याला हातोडीचे टोले दिले. तरी ढिम्म. शेवटी बंदूक चादरीत गुंडाळून तो बसनं जुन्या बाजारातल्या कुलुपवाल्याकडे निघाला. हा म्हातारा पूर्वी बंदुका दुरुस्त करायचा. वाटेत एका आजींचा तोल गेला तर त्यांनी नळीचं टोकच धरलं. "धरा, धरा, बिनधास्त धरा," बॉबिन म्हणाला.

कुलुपवाल्यानं नळीच्या तोंडात बोट फिरवलं. "आत पीळ आहे. ठासणीची रायफल ही. वरून दारू ओतायची, गोळी घालायची आणि नळीखालच्या या गजानं ठासायची." त्यानं गज आत सोडला, अंगठ्यानं खूण धरली, बाहेर काढून नळीला लावून पाहिला. गज तळापासून चार बोटं कमी भरला. म्हाताऱ्यानं नळीचं तोंड अलगद भिंतीकडे वळवलं.

"हलू नका. भरलेली आहे. वर घोडा चढवलेला!"

"घोडा?" बॉबिननं विचारलं.

"हा वाकडा खटका. तो आपटला की बार उडतो. नशीब तुमचं, गंजून अडकलाय." त्यानं गंजाचं पूट खरवडलं. खाली तांब्याची इवलीशी वाटी चिकटलेली. "आणि ही टोपी, ठिणगी हिचीच. आधी टोपी काढायची, मग घोडा उतरवायचा."

बॉबिननं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, आम्ही डॉक्टरांची काढली हो!"

म्हाताऱ्यानं दुपारभर खपून टोपी काढली, घोडा उतरवला, नळीत पाणी घालून दारू भिजवली आणि गोळी ओढून काढली. ओल्या दारूचा काळा चिखल झाला होता. "वडिलांनी कधीतरी भरली असणार, मग घोडा अडकला," तो म्हणाला. "आणि घरात सांगायची लाज वाटली असेल."

घरी येऊन बॉबिननं सगळं सांगितलं आणि गोळी ताईच्या हातावर ठेवली. ताई खाटेवर बसली होती. तिनं गोळीकडे पाहिलं, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग उशीकडे.

"म्हणजे माझीच काळजी चालली होती रे त्यांची," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली. बॉबिनलाही राहवेना. मग पदरानं नाक पुसून ती कडाडली, "अहो बाबा, मग सरळ बंदूक म्हणायला काय झालं होतं? त्या मेल्या घोड्यानं माझा नवा पडदा खाल्ला!"

घासूनपुसून बंदूक परत भिंतीवर गेली, या वेळी दोन्ही खिळे पक्के ठोकून. बॉबिन स्टुलावरून खाली उतरला तशी ताईनं विचारलं,

"घोडा उतरवलास?"

"उतरवला."

"टोपी काढलीस?"

बॉबिननं डोक्यावरची टोपीसुद्धा काढली.