नारळ फुटायच्या आत

पावेल आमच्या गेटमधून वाकून आत आला तेव्हा लेथला झेंडूची माळ घालून झाली होती. खंडेनवमी. मेन स्विच बंद. माणूस साडेसहा फूट, पुढचे तीन दात खेळात गेलेले, हातात बर्फावरचे स्केट्स.

हा युरोपात आइस हॉकी खेळतो. फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायचा पगार घेणारा. वय चौतीस. नव्या क्लबनं महिन्याच्या ट्रायलवर ठेवलेलं, शनिवारची मॅच शेवटची. त्यात चमकला तर नोकरी, नाहीतर घरी. त्याची पाती आमच्या बेळगावच्या शेडमधली. स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. खाली बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही कडांना धार. एक कड केसभर उंच राहिली की वळताना माणूस सरळ भिंतीत जातो. पावेल दोनदा जाऊन आला होता. तिकडच्या धारवाल्यांना ती कड जमेना, कुरियरला आठ दिवस लागतात, म्हणून स्वतःच पाती घेऊन आला. रात्री गोव्याहून परतीचं विमान.

ग्राइंडिंग माझ्याकडं, तीस वर्षं. एका केसाचे उभे चार भाग करा, त्यातला तिसरा कुठला ते मी बोटानं सांगतो. मालकांना म्हणालो, "आप्पा, चाळीस मिनिटांचं काम आहे."

"आज मशीन चालू व्हणार न्हाय. उद्या सोनं लुटून झाल्यावर ये म्हणावं."

"उद्या तो विमानात असंल. नोकरी जाईल त्याची."

"माझ्या बाच्या काळापासनं आजच्या दिवशी ह्या शेडात बटण दाबलेलं न्हाय, रं."

आम्ही वाद घालतोय तोवर आप्पांच्या आई, आक्का, यांनी पावेलचे स्केट्स पाटावर मांडून हळदकुंकू वाहूनही टाकलं. मशीन अडकलं होतंच, आता स्केट्सही अडकले. पावेलनं विचारलं, किती वेळ? मी म्हणालो, टुमॉरो. तो मटकन खाली बसला. शेडचे पत्रे वाजले.

"ह्याला काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"धार बिघडलीया, आक्का. तिच्यावरच पोट आहे त्याचं."

"बिनधारेचं हत्यार पूजेला ठिवलं व्हय?"

"तुम्हीच ठेवलं."

"मला कुणी सांगितलं? आधी धार, मग पूजा. ही पूजा लागूच न्हाय. उचल ते."

"आणि मशीन?" आप्पा म्हणाले.

"नारळ फोडलास?"

"न्हाय अजून."

"मग तुझी बी पूजा अर्धीच हाय. फुटायच्या आत काय ते करून घ्या."

मी मेन टाकला. पूजा चालूच आहे हे देवाला दिसावं म्हणून आप्पा मशीनसमोर नारळ वर उचलून उभे राहिले. मी व्हील ड्रेस केलं, म्हणजे हिऱ्याच्या टोकानं दगडाला आकार दिला, आणि पातं लावलं.

"झालं का रं?"

"दोन मायक्रॉन राहिलेत, आप्पा."

"मायक्रॉन गेला खड्ड्यात! खांदा निखळतोय माझा!"

चार मिनिटं मी जास्तच घेतली. मालक हात वर करून उभे आहेत, हे तीस वर्षांत एकदाच बघायला मिळालं.

मग मेन बंद, नारळ फुटला. स्केट्सची पूजा पावेलनं आपल्या घरी करावी, असा आक्कांनी हुकूम काढला आणि कुंकवाची पुडी दिली.

शनिवारी पावेलनं एक गोल मारला. दुसरा त्याच्या पात्याला आपटून आत गेला, तोही त्याच्याच नावावर लागला. सीझनभराचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. आप्पांचा उजवा हात मात्र दिवाळीपर्यंत टोपीला पोचत नव्हता.

तेव्हापासून परदेशी ऑर्डरची तारीख मी कंप्युटर बघून देत नाही. खिळ्यावरचं कॅलेंडर बघतो.